उतरंड बर्लिनला गेली

आमच्या मालवण भागातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाला, धाकटे वर. वरच्याला कसलाच भार नाही. तळातले मात्र सगळ्यांचे ओझे सोसते. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता समजावताना आम्ही कार्यकर्ते सभांतून हाच दाखला देत आलो.

कोल्हापूरकडचे चित्रकार-शिल्पकार प्रभाकर कांबळे यांनी या दाखल्याचे शिल्पच केले. त्यांची 'उतरंड' ही शिल्पमालिका २०२२ साली बर्लिनच्या बाराव्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मांडली गेली. मातीची मडकी, दोर, गुरांच्या गळ्यातल्या घंटा अशा राबत्या घरातल्या वस्तू त्यांच्या कामात येतात. कुंभाराने मडके घडवले, मातंगाने दोर वळला. त्यांना कलावंत कोणी म्हटले नाही!

रंगांना पैसे नाहीत म्हणून चित्रकला सोडलेली मुले आमच्या वस्त्यांत आहेत. किनाऱ्यावर तुटकी जाळी, दोर पडलेले असतात. त्यांना हे काम दाखवलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, मडक्यावर मडके ठेवले, यात कला कसली? आम्हाला तसे वाटत नाही. चित्रातले मडके पाहून माणूस वाहवा करतो नि पुढे जातो. खरे मडके समोर आले की ते कोणाच्या हातचे, हे विचारावे लागते.