काचेच्या बशीतले यकृत

यकृत हा मोठा सोशिक अवयव. दात दुखला तर सारे घर जागे राहते. यकृत मात्र चरबीने भरून, सुजून, निबर होत आले तरी बहुधा हूं की चूं करीत नाही. आत डोकावायचे तर सुई खुपसून तुकडा काढावा लागतो, आणि उंदराचा आजार हुबेहूब माणसाचा नसतो.

ही कोंडी फोडणारी वाट जपानात निघाली. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या, आणि २००७ साली माणसाच्या, त्वचेतील पेशी चार जनुकांच्या साह्याने जणू पुन्हा गर्भावस्थेत नेल्या. तशा पेशीला योग्य खुराक दिला की तिच्यापासून यकृतही घडविता येते. यकृत म्हणजे काय, तर राईच्या दाण्याहून लहान ठिपका!

अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात ताकानोरी ताकेबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाणे वाढवून त्यांना ओलेइक आम्ल पाजले. २०१९ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. हे आम्ल आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असते, हे कळल्यावर मी स्वयंपाकघराकडे जरा दचकूनच पाहिले! पण तिथे ते मुद्दाम जास्त मात्रेत, थेट पेशींना दिलेले होते. दाण्यांत आधी चरबी साठली, मग दाह झाला, शेवटी ते ताठर झाले. रोगाची सारी पावले बशीत उमटली.

मला अधिक मोलाचा वाटतो तो पुढचा प्रयोग. वोल्मन नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक विकारात चरबी पचविणारे पेशींतील एक विकर जन्मतःच निकामी असते. उपचार न झाल्यास अशी बाळे सहसा पहिला वाढदिवसही पाहत नाहीत. हेच विकर बिघडलेल्या रुग्णांच्या पेशींपासून वाढविलेल्या दाण्यांत तीव्र रोग आपोआप दिसू लागला. मग पित्ताम्लांचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रथिनाला चालना देणारे औषध दिले, आणि दाणे सावरले.

दाणा सावरला म्हणजे बाळ सावरले असे मात्र नव्हे. बशीत ना रक्ताभिसरण, ना आतडे, ना आईचे दूध. तिथे लागू पडलेले औषध शरीरात फसू शकते. पण एकाच रुग्णाच्या पेशींपासून असे पुष्कळ दाणे तयार होतात. दहा औषधे दहा दाण्यांवर एकाच दिवशी घालून पाहता येतात, आणि त्यांतली नऊ वाया गेली तरी बाळाला एकही टोचावे लागत नाही.