माहूरचा तांबूल

आमच्या निलंग्याच्या घराची कुलदेवता माहूरची रेणुका. माहूर हे नांदेड जिल्ह्यातले डोंगरांचे गाव. रेणुका, दत्तात्रेय, अनसूया यांची ठाणी वेगवेगळ्या शिखरांवर. जवळच जुना किल्ला. १६६१ साली उंबरखिंडीत मोगल फौजेबरोबर आलेली रायबागन इथल्याच देशमुख घराण्यातली. पण या गावाची सर्वांत जिवंत परंपरा मला खलबत्त्यात सापडली.

साडेतीन पीठांतील या देवीची पूर्ण मूर्ती नाही. आहे तो शेंदरी मुखाचा तांदळा. आख्यायिका अशी, की मागे पाहू नकोस असे बजावूनही परशुरामाने वळून पाहिले. तोवर भूमीतून आईचे फक्त मुख वर आले होते. त्या मुखाला तांबूल अर्पण करतात. विड्याची पाने, सुपारी, कात असे जिन्नस एकत्र कुटतात आणि प्रसाद म्हणूनही तोच देतात.

विडा कुटायचा कशासाठी? दात गेलेल्या आजीला आपण विडा कुटूनच देतो. माझा तर्क असा, की माहूरने देवीला घरातल्या थोरल्या बाईसारखे सांभाळले आहे.

यंदा आईला गड चढणे जमले नाही. परतल्यावर तांबुलाची पुडी तिच्या हातावर ठेवली. चिमूटभर तोंडात टाकून ती म्हणाली, "झालं बाबा माझं माहूर."