अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी पोरांकडून ५ लाख लाकडी विमानं कोरून घ्यायचं ठरवलं, त्यामागचं कारण

७ डिसेंबर १९४१. सकाळीच जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला करून अमेरिकेच्या आरमाराची दाणादाण उडवली होती. जहाजं अजून जळत होती.

त्याच रात्री एंटरप्राइज या अमेरिकन विमानवाहू जहाजावरची सहा वाइल्डकॅट विमानं तिथल्या फोर्ड बेटावर उतरायला आली. आपली विमानं येतायत, गोळीबार करू नका, असा निरोप तोफांवरच्या माणसांना गेला होता. पण दिवसभर मार खाल्लेल्या सैनिकांना आकाशात विमान दिसलं आणि एका तोफेने सुरुवात केली. बघता बघता सगळ्याच तोफा सुरू झाल्या.

तीन वैमानिक गेले. आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. ६ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमानं जर्मन समजून पाडली होती. माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक त्यात मेला. या युद्धात मारला गेलेला तो ब्रिटनचा पहिला फायटर पायलट. इतिहासात ही घटना ‘बार्किंग क्रीकची लढाई’ म्हणून ओळखली जाते.

आपलं विमान ओळखता येत नाही, असं कसं?

आज आपण फोटो बघून म्हणतो, पंखावरचं चिन्ह बघायचं की! पण खरी अडचण तिथेच आहे. दूरवरून येणारं विमान उजेडाच्या आड असतं. चिन्ह, रंग, नंबर काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त काळा आकार.

त्यात वेळ नसतो. ताशी ५०० किलोमीटरने येणारं विमान एका सेकंदात जवळपास १४० मीटर पुढे सरकतं. ते पाऊण किलोमीटरवर असेल, तर डोक्यावर यायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि चाप ओढायचा किंवा हात आवरायचा.

आपल्याकडे गावातली माणसं आकाशात घिरट्या घालणारी घार लगेच ओळखतात. पिसांचा रंग बघून नाही, तर शेपटीला मधोमध असलेल्या खाचेवरून. विमानाचंही तसंच. त्यासाठी सैनिकांना चार गोष्टी बघायला शिकवत: पंख, इंजिन, धड आणि शेपूट. वाइल्डकॅटचे पंख धडाच्या मध्यावर बसवलेले आणि टोकाला चौकोनी. जपानी झीरोचे पंख धडाच्या खालच्या बाजूला आणि निमुळते. दोघांच्या पंखांच्या एकूण लांबीत मात्र फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी.

पुस्तकातल्या चित्रांनी हे काम पूर्ण होत नव्हतं. चित्रात विमान एकाच बाजूने दिसतं. खरं विमान वळतं, तिरकं होतं, थेट अंगावर येतं. त्यासाठी हातात धरून फिरवता येईल असं काहीतरी हवं होतं.

मग शाळांना साकडं घातलं

जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे नौदल मंत्री फ्रँक नॉक्स यांनी देशातल्या शाळांना आवाहन केलं. नौदलाला ५ लाख मॉडेल विमानं हवी होती. ५० प्रकारची विमानं, प्रत्येक प्रकाराची १० हजार मॉडेल्स. त्यात अमेरिकेची आणि दोस्त राष्ट्रांची विमानं होती, तशीच शत्रूचीही.

कारखाने युद्धाच्या कामात बुडालेले, धातूची टंचाई. शाळांकडे मात्र सुतारकामाच्या वर्कशॉप होत्या, शिक्षक होते आणि विमानाच्या नावाने वेडी झालेली पोरं होती. मुलीही या कामात उतरल्या. सरकारी शिक्षण खात्याने नकाशे आणि साचे शाळाशाळांत पोहोचवले.

सगळ्या मॉडेल्सचं प्रमाण एकच होतं, १:७२. म्हणजे मॉडेलवर १ इंच, तर खऱ्या विमानात ६ फूट. यामागे साधा हिशोब होता. असं मॉडेल ३५ फुटांवर टांगलं आणि तोफेच्या नेमावरच्या गोल कड्यातून बघितलं, की ते साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. एका हॉलमध्ये दोरीला लाकडाचा तुकडा टांगून अख्खं रणांगण उभं करता येत होतं.

कोरायचं कसं?

आधी पाइन किंवा बासवुडसारख्या लाकडाचा ठोकळा घ्यायचा. त्याच्या एका बाजूवर विमान बाजूने कसं दिसतं ती आकृती उतरवायची, वरच्या बाजूवर ते वरून कसं दिसतं ती. दोन्ही रेषांवरून करवत फिरवली, की धडाचा ओबडधोबड, चौकोनी कडांचा आकार हाती येतो.

खरं काम इथून सुरू होतं. चाकूने कडा थोड्या थोड्या उतरवत धड गोल करायचं. चाकू लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा. उलटा चालवला तर मोठी ढलपी निघते आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

मध्ये मध्ये साचा लावून बघायचा. साचा म्हणजे त्या जागी धड जसं असायला हवं, त्याचा पुठ्ठ्यात कापलेला उलटा आकार. तो लाकडावर नीट बसत नसेल, तर अजून लाकूड काढायचं. जास्त काढलं गेलं तर मात्र उपाय नाही, कारण कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. पंखांची पुढची कड गोलसर, मागची पातळ. ते धडाला चिकटवताना टोकाकडे किती वर उचललेले असावेत, हेही मोजून ठरवायचं. मग सांधे पुट्टीने भरायचे आणि पॉलिश पेपर मारायचा.

शेवटी काळा रंग. पूर्ण काळा. ना चिन्ह, ना नंबर, ना वैमानिकाची काच. नवीन पोराला यात काय मजा, असं वाटेल. पण सैनिकाला आकाशात जे दिसणार होतं, तेवढंच मॉडेलवर ठेवायचं होतं.

या मापात १ मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानात ७ सेंटिमीटरची चूक. स्पिटफायरचं मॉडेल पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. सुरुवातीच्या जर्मन मेसरश्मिट १०९ चं पावणेचौदा. पंख जरा आखूड झाला, टोक जरा चौकोनी राहिलं, तर दोस्त आणि दुश्मन यांतला फरकच पुसला जाणार. म्हणून प्रत्येक मॉडेल तपासलं जाई, चुकलेलं नाकारलं जाई. पास झालेल्या मुलांना मानद हुद्द्यांची प्रमाणपत्रं मिळत. जितकी मॉडेल्स जास्त, तितका हुद्दा मोठा.

याने प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. ११ जुलै १९४३ च्या रात्री पॅराट्रूपर्सना घेऊन १४४ अमेरिकन विमानं सिसिलीवर आली. थोड्या वेळापूर्वीच तिथे जर्मन हवाई हल्ला झालेला. खालच्या अमेरिकन तोफांनी आपलीच २३ विमानं पाडली. अंधार आणि भीती एकत्र आली, की शिकलेलं सगळं विसरायला होतं. म्हणूनच जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरताना दोस्त राष्ट्रांनी आपल्या विमानांवर काळे-पांढरे जाडजूड पट्टे ओढले. ओळखायला सोपं जावं, म्हणून.

युद्ध चालू असतानाच प्लास्टिकची साच्यातली मॉडेल्स येऊ लागली आणि हाताने कोरलेल्या विमानांची गरज कमी झाली. १:७२ हे माप मात्र टिकलं. ब्रिटनमध्ये छंद म्हणून ते १९३० च्या दशकापासून वापरात होतंच. आजही विमानाचं मॉडेल किट घ्यायला गेलात, तर बॉक्सवर हाच आकडा सर्रास दिसतो.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने सक्तीच्या सैन्यभरतीचं वय १८ वर आणलं. म्हणजे १९४२ ला शाळेच्या वर्कशॉपमध्ये झीरोचा पंख तासणारा १६ वर्षांचा मुलगा १९४४ ला भरतीच्या वयात आला. त्यातली कितीतरी पोरं पुढे जहाजांवर आणि विमानांत गेली. कुणी तोफेमागे उभं राहून वर बघत होतं, तर कुणी वरून उतरताना एवढीच आशा करत होतं, की खालच्याने आपला आकार नीट पाठ केलेला असू दे.