४२.३४ मीटर, साडेपाच लाख आणि बिनदुधाचा चहा

ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’ची हाक देऊन पुढारी गजाआड गेले होते. ही हाक सुचवली युसुफ मेहेरअलींनी; आधीची ‘सायमन परत जा’सुद्धा त्यांचीच! गडी असा, की मुंबईचा महापौर म्हणून निवडून आला तेव्हाही तुरुंगातच होता.

वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलेलं. अशात २७ ऑगस्टला मुंबईच्या हवेत आवाज घुमला: हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठून तरी. पत्ता एवढाच! बोलत होत्या २२ वर्षांच्या उषा मेहता. ट्रान्समीटरची वळकटी सतत या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात. मुंबईत एक खोली मिळवताना दमछाक होते, आणि ही पोरं पोलिसांच्या नाकावर टिच्चून जागा बदलत राहिली. १२ नोव्हेंबरला धाड पडली, तीही घरच्याच एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली.

साताऱ्यात तर थेट दुसरं सरकारच! क्रांतिसिंह नाना पाटील पूर्वाश्रमीचे तलाठी. सरकारी दप्तर कुठं ढिलं असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? गावोगाव न्यायनिवाडे सुरू झाले, हुंडा आणि थाटमाट वगळून ‘गांधी लग्नं’ लागू लागली. ‘प्रति सरकार’चं लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झालं. पायाला पत्रे ठोकतात, अशी हूल उठली. खरं तर तळपायावर काठी बसायची, पण गावगुंडांची झोप उडत असताना ती हूल खोडायची घाई कोण करणार! चळवळीला पैसा मात्र लागतोच. १४ एप्रिल १९४४ रोजी जी. डी. बापू लाड आणि मंडळींनी पार खानदेशात, चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात!

इंग्रजांविना कारभार सोलापूरकरांनी तर आधीच करून दाखवला होता. मे १९३० मध्ये काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून गायब झाला आणि रस्त्यावरची रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. मग लष्करी कायदा आला, आणि साधी गांधी टोपी घातली तरी मार.

या लढ्याची एक जुनी खूण, क्रांतिकारक मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टला फडकवलेला भारताचा झेंडा पाहायचाय? जर्मनीला कशाला जाता, पुण्याचा केसरीवाडा गाठा.

आणि बेचाळीसचे पुढारी जिथं गजाआड होते, तो अहमदनगरचा किल्ला? तिथं नेहरू ‘भारताचा शोध’ लिहीत होते, तर मौलाना आझाद भल्या पहाटे उठून स्वतःच्या हातानं चिनी चहा करत होते. दूध घातलेल्या चहाची त्यांना मनस्वी चीड (अमृततुल्यवाल्यांनी माफ करावं). चहावर, चिमण्यांवर त्यांनी एका स्नेह्याला लांबलचक पत्रं लिहिली. कैदेतून ती पाठवायची सोयच नव्हती, म्हणून टपालात पडलीच नाहीत. पुढं त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ झालं.