तुकड्यांची एक चित्रफीत

सन २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला व भंडारा शहरांतील सखल वस्त्यांत पाणी शिरलें. त्या वेळीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मोबाइलवर चित्रण केलें होतें. पुढें त्या तुकड्यांची एक अखंड चित्रफीत करावी असें आम्हीं ठरविलें. काम सोपें वाटलें. परंतु तें फसलें. तें कां फसलें, हें विद्यार्थ्यांस कळावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पूर्वीं चित्रफीत हातांत धरतां येत असे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं मुंबईंत ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविला. त्याच्या कोऱ्या फितीला छिद्रें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारांत करीत. जोडकाम करणारा फितीच्या टोंकावरील चित्राचा थर खरवडी, त्यावर चिकट द्रावण लावी आणि दुसरें टोंक दाबून बसवी. दोन्ही तुकड्यांचीं छिद्रें नीट जुळलीं, म्हणजे फीत यंत्रांतून सुरळीत सरके.

आजची चित्रफीत ही आकड्यांची रास आहे. तिच्या फाइलींत एक अनुक्रमणिका असते. कोणतें चित्र व कोणता ध्वनि कोठें आहे, हें ती सांगते. दोन पुस्तकें नुसतीं एकत्र बांधलीं, तर पहिल्याच्या अनुक्रमणिकेंत दुसऱ्याचीं प्रकरणें सांपडत नाहींत. म्हणून जोडणाऱ्या साधनास नवी अनुक्रमणिका लिहावी लागते. सर्व तुकड्यांचीं मापें एक असलीं, तर एवढ्यानें काम भागतें व चित्राची मुळींच हानि होत नाहीं. मापें भिन्न असलीं, तर प्रत्येक चित्र उलगडून नव्यानें आंखडावें लागतें. त्यांत वेळ जातो व चित्राचा रेखीवपणा थोडा उणावतो.

आमचे तुकडे भिन्न मोबाइलांवरचे होते. कोणी मोबाइल उभा धरला होता, कोणी आडवा. कोणाची सेकंदास ३० चित्रें, कोणाची ६०. ध्वनीचें मापहि निराळें. इंटरनेटवरील एका साधनानें ते जोडले. आरंभींचीं दोन मिनिटें पाहून आमचें समाधान झालें, आणि जागा मोकळी करण्यासाठीं आम्हीं मूळ तुकडे पुसून टाकले. दुसऱ्या तुकड्यापासून आवाजच नव्हता, हें मागाहून कळलें. त्यांत एका विद्यार्थ्याची आजी आपलें पडलेलें घर दाखवीत बोलत होती. तिचे ओंठ हालतांना दिसतात. शब्द ऐकूं येत नाहींत. ती आजी आतां हयात नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तुकड्यांस ०१, ०२ असे क्रमांक द्यावे. नाहींतर पुष्कळदां १० हा २ च्या आधीं येऊन बसतो, आणि पूर चढण्यापूर्वींच ओसरलेला दिसतो. इंटरनेटवरील कांहीं साधनें आपल्याच संगणकावर काम करतात. कांहीं मात्र फाइल दूरच्या संगणकाकडे नेतात. दुसऱ्या प्रकारांत खेड्यांतील मंद जोडणीवर तासन् तास जातात, व ज्यांचे चेहरे फितींत आहेत ते परक्या हातीं पडतात. त्यांची अनुमति आधीं घ्यावी. जोडलेली फीत आरंभापासून अंतापर्यंत पाहावी व ऐकावी. मूळ तुकडे मात्र त्यानंतरहि दोन ठिकाणीं जपून ठेवावे. फीत पुन्हा जोडतां येते. पुसलेला शब्द पुन्हा बोलविण्यास बोलणारें माणूस नेहमींच उरतें असें नाहीं.