संशय शेवटी स्प्रिंगवर

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप आळेफाट्याला वळते आणि माळशेज घाट उतरून कल्याणच्या वाटेला लागते. इंजिनाची खरी परीक्षा परतीच्या चढणीला. या चढणीने गेल्या तीसेक वर्षांत जुन्नर-आंबेगावच्या गॅरेजांना बरंच शिकवलं.

1994ची सुमो आणि 1998ची इंडिका, दोन्ही डिझेल गाड्या सुरुवातीला बिनटर्बोच्या. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. हेड उतरवलं की व्हॉल्व्ह घासायचे, सीट कापायची, ऑइल सील नवे घालायचे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मात्र धुऊन पुन्हा त्याच. तुटली नाही म्हणजे चांगली, हा हिशेब तेव्हा बहुतेक खपून जायचा.

मग टर्बो आला. 2002ला स्कॉर्पिओ, 2007ला डिझेल स्विफ्ट: 1248 सीसी आणि तब्बल सोळा व्हॉल्व्ह. रांजणगावात बनणाऱ्या 2017च्या नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनालाही टर्बो होता. पेट्रोल इंजिन डिझेलपेक्षा जास्त फिरतं, म्हणून तिथे स्प्रिंगची कसोटी अधिक कडक.

टर्बोची हवा व्हॉल्व्हला मागून ढकलते. 30 मिलिमीटर व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हवर एक बार दाब आला, तर सुमारे सात किलोचा जोर तो उघडण्याच्या दिशेने लागतो. स्प्रिंग थकली असेल तर भरधाव फेऱ्यांत व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. आयडलला गाडी गुणी. पूर्ण रेस दिली की मिसिंग करते, पिकअप घेत नाही. संशय मात्र आधी फिल्टरवर, मग इंजेक्टरवर, मग टर्बोवर. स्प्रिंगची पाळी शेवटी.

आता कामाची रीतही बदलली. अनेक इंजिनांत हेड न उतरवताही स्प्रिंग बदलता येते. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही. मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे. सील त्याच वेळी नवे.

थकलेली स्प्रिंग डोळ्यांना दिसत नाही. व्हर्नियरने मोकळी लांबी मोजा, गुण्याला लावून वाकडेपणा पाहा, टेस्टरवर ताण तपासा. एक जरी मर्यादेखाली भरली, तर पूर्ण संच बदला. आणि हेड एकदा उघडलंच असेल, तर महागड्या टर्बोला हात घालण्याआधी स्प्रिंगा मोजून घ्या.