शंभर वेण्यांचं घर

मुलींच्या बालगृहात पहाटे पाचला उठवतात. पाहुण्यांना त्यात संस्कार दिसतात, अधीक्षिकाताईंच्या डोक्यात मात्र न्हाणीघरांचा हिशेब असतो. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांत पन्नास मुलांच्या संस्थेला पाच न्हाणीघरं आणि आठ शौचालयं सांगितली आहेत. म्हणजे एका न्हाणीघरामागे दहा मुली. प्रत्येकीला दहा मिनिटं धरली, तरी शेवटचीच्या अंगावर पाणी पडायला दीड तास जातो. सकाळची शाळा असेल तर पाच म्हणजे उशीरच.

मग वेण्या. पन्नास मुली, प्रत्येकीच्या दोन, वर लाल रिबिनी. मी पाहिलेल्या एका बालगृहात व्हरांड्यात याची आगगाडीच लागायची. दहावीतली आठवीतलीचे केस विंचरतेय, आठवीतली पाचवीतलीचे, पाचवीतली तिसरीतलीचे. सगळ्यात पुढच्या पहिलीतल्या पोरीसमोर कुणी नसायचं, म्हणून ती खिडकीच्या गजाला तीन नाड्या बांधून त्यांचीच वेणी घालत बसायची. कामवाटपाच्या तक्त्यात हे काम कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या मुलींना आपण सरसकट ‘अनाथ’ म्हणतो. ते बऱ्याचदा खरं नसतं. अनेकींची आई असते, कुणाचे वडील असतात, काहींचे दोघंही. ऊसतोडीला गेलेले, आजारी, दारूपायी हाताबाहेर गेलेले, दुसरा घरोबा केलेले. कुणाला बालविवाहाच्या मांडवातून आणलेलं असतं, कुणावर घरातच अत्याचार झालेला असतो. अशी मुलगी सापडली की चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांच्या आदेशानं मुलगी संस्थेत येते, गृहचौकशी होते आणि तिच्या नावाची फाइल तयार होते. कुणाच्या शिफारशीवरून, चिठ्ठीवरून मुलगी ठेवून घेण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं.

‘अनाथ’ शब्दाचा हा गोंधळ जुना आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली, तेव्हा त्यांच्यासमोर होत्या मुख्यतः बालविधवा. आईबाप असलेल्या, पण घरात कुणाच्याच नसलेल्या. पुढे प्लेगमुळे १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, त्यावर झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखलवाट तुडवत हिंगण्याला जायचे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, स्वतः बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले विशी उलटून गेल्यावर अक्षरं शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत गेल्या. एका आश्रमात शिकलेली बाई दुसऱ्या आश्रमाचा खांब होते, ही साखळी तेव्हापासूनची. हिंगण्याबद्दल वाचताना मला मोठा वाटतो तो त्यांचा अभ्यासक्रम नाही. शिकून बाहेर पडलेल्या बाईला परत येऊन टेकायला तिथे जागा असायची, ते मोठं वाटतं.

आजच्या बालगृहातलं शिक्षण बाहेरून सोपं दिसतं. मुली जवळच्या जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेत जातात, संध्याकाळी अभ्यासिका असते, झालं. आत डोकावलं की गुंता कळतो. दहा वर्षांची, कधीच शाळा न पाहिलेली मुलगी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात, म्हणजे पाचवीत बसते. कायदा बरोबरच आहे. एवढ्या मुलीला पहिलीच्या पोरांत बसवणं क्रूरपणाचं. पण तिची अक्षरओळख अजून व्हायची असते, आणि समोर पाचवीचं भाषेचं पुस्तक उघडलेलं. तिच्या घरची बोली पारधी किंवा बंजारा असेल, तर पुस्तकातली मराठीही तिला परकीच. कायद्यात अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षण आहे, पण प्रत्यक्षात ते ओझं बऱ्याचदा अभ्यासिकेतल्या एकट्या ताईवर येतं. एका सतरंजीवर दुसरी ते दहावी. आईबरोबर बाजारात बसलेली मुलगी पावशेर मिरचीचे पैसे तोंडी सांगते आणि तेच ‘शाब्दिक उदाहरण’ म्हणून वहीत आलं की गप्प होते. तिला ढ म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांनी तिला एकदा बाजारात न्यायला हवं होतं.

दुसरी अडचण कागदांची. आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला यांसाठी बऱ्याचदा आधी वडिलांचा कागद मागतात. वडीलच ठाऊक नसतील तर मुलगी कुठल्याच रकान्यात बसत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं, ते यामुळेच मोलाचं. मात्र त्यासाठी अनाथ असल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवायलाही हेलपाटे आहेतच.

पन्नास जणींच्या गजबजाटात मुलीचं स्वतःचं असं काय असतं? बहुतेक ठिकाणी पत्र्याची एक पेटी. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात, अंघोळीलाही उतरवत नाहीत. एकीनं मला पेटी उघडून दाखवली होती. शाळेचा गणवेश, दोन फ्रॉक, चॉकलेटच्या चकचकीत कागदांची गड्डी आणि तळाशी घडी घातलेला आईचा जुना ब्लाउज. ब्लाउज तिनं बाहेर काढला नाही, नुसतं बोट दाखवलं. आणखी एक पेटी असते, सगळ्यांची: नियमांनुसार संस्थेत मुलींची बालसमिती असावी लागते आणि सूचनापेटीही. ती आठवड्यातून एकदा तरी उघडायची असते, आणि तिची किल्ली अधीक्षिकेकडे नसावी हेही नियमातच आहे. नियम करणाऱ्याला वसतिगृह कळत होतं.

आता दात्यांविषयी, थोडं कडू. पितृपक्षात आणि पंधरा ऑगस्टला इतकी जेवणं येतात की दात्यांना तारखा वाटून द्याव्या लागतात. एका दिवशी दोन वाढदिवसांचे दोन केक. मुलींना टाळ्या वाजवून ‘हॅपी बर्थडे’ म्हणावं लागतं, पोट भरलेलं असलं तरी गुलाबजाम खावा लागतो, फोटोत हसावं लागतं. खरं तर अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नं बंदी आहे, तरी फोन खिशातून निघतातच. आणि मे महिन्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा लागतं काय? सॅनिटरी पॅड, आतले कपडे, खोबरेल, उवांचं औषध, विजेचं बिल, नववीचं गणित शिकवायला आठवड्यातून दोनदा न चुकता येणारं माणूस. यातल्या कशासोबतच फोटो चांगला येत नाही.

अठरावं वर्ष सरलं की घरोघरी कौतुक होतं. बालगृहात मुली ते सरू नये म्हणतात. अठरा पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपला. बारावीची परीक्षा तोंडावर असताना हे होऊ शकतं. कायद्यात पुढची सोय आहे: एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवा, आणि मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची तरतूद. पण मुलींसाठी अनुरक्षण गृहं मोजकी आहेत, आणि शहरात खोलीचं भाडं नि मेस धरली तर चार हजार कुठे पुरणार? मग कुणी दूरच्या काकाकडे जाते, कुणाचं घाईनं लग्न लावतात. काही संस्था पदरचे पैसे घालून दोन खोल्या भाड्यानं घेतात आणि नर्सिंगच्या किंवा बी.कॉम.च्या चार मुली तिथे ठेवतात. त्याच मुली पुढे नोकरी लागल्यावर दिवाळीला पेढे घेऊन येतात, व्हरांड्यात बसतात आणि कुणाचे तरी केस विंचरायला घेतात.

तुमच्या गावातल्या बालगृहाला फोन कराल तेव्हा जेवणाची तारीख मागण्याआधी ताईंना एक विचारा: यंदा अठरा कुणाकुणाला पूर्ण होतायत, आणि जूनपासून त्या राहणार कुठे?